जेवण आहे, जेवणारेही आहेत. मग अडते कुठे?



रस्त्याकडेच्या एखाद्या जुन्या गॅरेजसमोरची जमीन तुम्ही नक्कीच पाहिली असेल. वर्षानुवर्षे सांडलेल्या तेलाने ती काळी आणि घट्ट झालेली असते. पावसाळ्यात आजूबाजूला गवत माजते, पण त्या तुकड्यावर हिरवी काडीही दिसत नाही. आता हीच गोष्ट जमिनीच्या पृष्ठभागावर न घडता चार-पाच मीटर खाली घडते आहे, अशी कल्पना करा. इंधनाची टाकी जमिनीत पुरलेली आहे. पत्रा गंजून तिला बारीक भोक पडले आहे आणि थेंबाथेंबाने डिझेल किंवा पेट्रोल मातीत झिरपते आहे. वरून काहीच कळत नाही. शेजारच्या विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागतो त्या दिवशी सर्वजण जागे होतात. आणि तोपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

अशा मातीचे करायचे काय? चटकन सुचणारा उपाय म्हणजे ती खणून दुसरीकडे नेऊन टाकणे. पण त्यामुळे घाण नाहीशी होत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. शिवाय माती एखाद्या वस्तीखाली असेल तर खणणार तरी कशी? दुसरा उपाय म्हणजे ती भट्टीत भाजणे. त्यासाठी खर्च फार येतो आणि भाजलेल्या मातीत जीव उरत नाही. तिसरा उपाय मात्र वेगळा आहे. मातीत आधीपासूनच राहणाऱ्या सूक्ष्मजीवांकडून हे इंधन खाऊन संपवायचे. हा उपाय केव्हा चालतो, केव्हा अडतो आणि अडला तर का अडतो, हे आज आपण थोड्या आकडेमोडीच्या साहाय्याने समजावून घेऊ.

एका वस्तीची गोष्ट

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्लस्टन शहराजवळ हॅनाहॅन नावाचे उपनगर आहे. तेथील लष्करी इंधन कोठारातून १९७५ मध्ये सुमारे ८०,००० गॅलन, म्हणजे तीन लाख लिटर जेट विमानांचे इंधन गळले. हे इंधन आपल्या रॉकेलच्याच जातीचे होते. गळती समजताच जमेल तेवढे इंधन परत मिळवण्याचे प्रयत्न झाले. पण जमीन रेताड असल्याने पुष्कळसे आत मुरून गेले. त्यातील विषारी द्रव्ये भूजलात उतरली आणि भूजलाबरोबर हळूहळू पुढे सरकत १९८५ पर्यंत जवळच्या राहत्या वस्तीखाली जाऊन पोहोचली.

हे किती गंभीर आहे, याचा हिशेब करून पाहू. इंधनात बेंझीन नावाचा एक घटक असतो. त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी बेंझीनची मर्यादा एका लिटरला १० मायक्रोग्रॅम अशी सांगितली आहे. एक ग्रॅम म्हणजे दहा लाख मायक्रोग्रॅम. म्हणजे अवघे एक ग्रॅम बेंझीन एक लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊन पोहोचवते! दहा टँकर पाण्याला फक्त काही थेंब पुरतात.

हॅनाहॅनची सगळी माती खणून काढणे शक्य नव्हते. नुसते भूजल उपसूनही भागणार नव्हते. कारण मातीत अडकलेले इंधन नव्या पाण्यात पुन्हा विरघळत राहिले असते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या मातीचा अभ्यास केला, तेव्हा एक आश्चर्याची गोष्ट ध्यानात आली. मातीतले सूक्ष्मजीव कोणी सांगितले नसतानाही कामाला लागलेले होते. इंधनातून आलेली विषारी द्रव्ये खाऊन ते त्यांचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करीत होते. फक्त त्यांचा वेग फार कमी होता. तो वेग वाढवता येईल का? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी प्रथम हे खवय्ये कोण आहेत, ते पाहिले पाहिजे.

हे खवय्ये आले कोठून?

चिमूटभर सुपीक मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. त्यांपैकी काही जातींना इंधनाचे रेणू पचवता येतात. स्युडोमोनस, ऱ्होडोकॉकस, असिनेटोबॅक्टर ही त्यांतली काही घराण्यांची नावे. काही बुरश्याही हे काम करतात.

तुम्ही विचाराल, पेट्रोल-डिझेल तर माणसाने शे-दीडशे वर्षांपूर्वी वापरात आणले. मग या जीवाणूंना ते खाण्याची सवय कशी? उत्तर सोपे आहे. पेट्रोल, रॉकेल, डिझेल ही सर्व हायड्रोकार्बने आहेत, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. ती निसर्गाला नवीन नाहीत. खनिज तेल कित्येक ठिकाणी भूगर्भातून आपोआप पाझरत आले आहे. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, कारण त्या पानावर मेणाचा थर असतो. अनेक वनस्पतींच्या अशा मेणात हायड्रोकार्बनांच्या लांब साखळ्या सापडतात. पाने गळतात, कुजतात, आणि ते मेणही कोणीतरी संपवतेच. तेव्हा आपले जीवाणू या पंगतीला फार जुन्या काळापासून बसत आले आहेत. एरवी त्यांची संख्या थोडी असते. मातीत इंधन सांडले की बाकीच्या जातींची उपासमार होते आणि यांची मात्र भरभराट होऊन संख्या झपाट्याने वाढते.

आता ते खातात कसे, हे पाहू. उदाहरणादाखल डिझेल व रॉकेल या दोन्हींत आढळणारा डोडेकेन हा रेणू घ्या. बारा कार्बन अणूंची ही सरळ माळ आहे आणि तिला २६ हायड्रोजन अणू चिकटलेले आहेत. रेणू तेलकट आहे. पाण्यात विरघळत नाही. जीवाणूचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, या माळेच्या टोकाला ऑक्सिजनचा एक अणू जोडते. झाले! माळेला आता पकडायला कडी मिळाली. रेणूचे रूपांतर प्रथम अल्कोहोलमध्ये आणि मग मेदाम्लात होते. मेदाम्ल म्हणजे तर आपल्या गोडेतुपातला पदार्थ. ते कसे पचवायचे हे पुष्कळ पेशींना ठाऊक असते. दोन-दोन कार्बन अणूंचे तुकडे पाडत माळ संपवली जाते. काही कार्बन जीवाणूच्या शरीरात जातो आणि उरलेल्याचा शेवट कार्बन डायऑक्साइड व पाणी यांत होतो.

स्टोव्हमध्ये रॉकेल जळते तेव्हाही शेवटी हेच दोन पदार्थ तयार होतात. फरक एवढाच, की स्टोव्हमध्ये ही क्रिया ज्योतीच्या उष्णतेने क्षणात होते आणि मातीत ती थंडपणे, एकेका पायरीने होते. म्हणजे जीवाणूंचे खाणे हे एक संथ, ज्योत नसलेले ज्वलनच म्हणा ना! आणि ज्वलन म्हटले की तुम्हाला लगेच आठवले पाहिजे: हवा कोठून मिळणार?

हवेचा हिशेब

डोडेकेनचा एक रेणू पूर्णपणे जळण्यासाठी बारा कार्बन अणूंना २४ आणि २६ हायड्रोजन अणूंना १३, असे ऑक्सिजनचे एकूण ३७ अणू लागतात. आता वस्तुमाने मांडा. डोडेकेनचा रेणुभार १२ × १२ + २६ = १७०. ऑक्सिजनचे ३७ × १६ = ५९२. भागाकार केला तर उत्तर जवळजवळ ३.५ येते. म्हणजे एक ग्रॅम इंधन संपवायला साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन हवा! जेवणापेक्षा हवाच साडेतीनपट. प्रत्यक्षात काही कार्बन जीवाणूंच्या शरीरात अडकतो, म्हणून तेवढ्यापुरता ऑक्सिजन कमी लागतो. पण अंदाजासाठी हा आकडा पुरेसा आहे.

हा साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन मातीत पोहोचवायचा कसा? समजा, तो पाण्यात विरघळवून पाठवला. २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात हवेतला फार तर ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३५०० ला ८ ने भागा. सुमारे ४४० लिटर पाणी लागेल. एका ग्रॅम इंधनासाठी दोन पिंपे भरून पाणी!

आता पाण्याऐवजी हवाच पाठवली तर? त्याच तापमानाच्या एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. ३५०० ला २७० ने भागले की उत्तर येते १३. म्हणजे तेवढ्याच कामाला केवळ १३ लिटर हवा पुरते. एक किलो मातीत १ टक्का इंधन असेल तर ते १० ग्रॅम झाले. त्यासाठी पाणी हवे ४,४०० लिटर आणि हवा हवी १३० लिटर.

पण ही तर अर्धीच अडचण झाली. हवा मातीत आपोआप किती वेगाने शिरते, हेही पाहिले पाहिजे. वायूचे रेणू वेडेवाकडे भटकत एका जागेहून दुसऱ्या जागी जातात. या क्रियेला विसरण म्हणतात. भटक्याला अंतर कापायला किती वेळ लागतो, याचा नियम मोठा मजेदार आहे: अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट होतो, अंतर दसपट झाले तर वेळ शंभरपट. शिवाय पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट मंद असते. या दोन गोष्टी वापरून काढलेले अंदाजी वेळ असे:

१ सें.मी. अंतर: हवेतून अडीच सेकंद, पाण्यातून ७ तास.
१० सें.मी. अंतर: हवेतून ४ मिनिटे, पाण्यातून २९ दिवस.
१ मीटर अंतर: हवेतून ७ तास, पाण्यातून ८ वर्षे.

मातीत कणांना वळसे घालून जावे लागते, म्हणून खरे वेळ याहूनही जास्त असतात. पण मुद्दा स्पष्ट झाला. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या मोकळ्या असतील तर काही तासांत हवा खाली पोहोचते. त्याच पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या असतील तर खाली बसलेला जीवाणू आठ वर्षे वाट पाहत राहतो. माती दाबून घट्ट झालेली असली, तर पोकळ्याच उरत नाहीत. गॅरेजसमोरची काळी जमीन आठवा: वर तेलाचा थर आणि त्यावर वाहनांची रोजची दाबणूक. तिथे पंगत बसते, पण प्राणवायू वाढणारा कोणी फिरकत नाही.

शेतकरी जमीन का नांगरतो, याचे एक कारण तुम्हाला येथे सापडेल. तेलकट माती खणून काढणे शक्य असेल तेव्हा ती पातळ थरात पसरून अधूनमधून नांगरतात, ते नेमके याच कारणासाठी.

पंपाने उघड केलेले गुपित

माती खोलवर असेल तर काय करायचे? त्याचे उत्तर युटा राज्यातील हिल या अमेरिकन हवाई तळावर मिळाले. तेथे जानेवारी १९८५ मध्ये सुमारे एक लाख लिटर जेट इंधन जमिनीत गेले. डिसेंबर १९८८ मध्ये जमिनीत नळ्या उतरवून पंपाने मातीतली हवा ओढून काढण्यास सुरुवात झाली. हेतू साधा होता. इंधनाच्या वाफा हवेबरोबर बाहेर येतील आणि माती स्वच्छ होईल.

वाफा बाहेर आल्याच. पण बाहेर येणारी हवा तपासली तेव्हा तिच्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त आढळला. याचा अर्थ काय होतो? आपण उच्छ्वास टाकतो ती हवाही अशीच असते. जमीन जणू श्वास घेत होती! पंप जुनी हवा ओढून घेत होता, तिच्या जागी वरून ताजी हवा मातीत शिरत होती आणि खाली जीवाणूंची पंगत जोरात चालली होती. पुढे पंपाचा वेग मुद्दाम कमी केला गेला. त्यामुळे वाफा कमी निघाल्या आणि इंधनाचा अधिक हिस्सा जागच्या जागी खाल्ला गेला. या पद्धतीला बायोव्हेंटिंग म्हणतात. आपण तिला जैववातन म्हणू. जगात पुष्कळ ठिकाणी आता ही पद्धत वापरतात.

हिल तळावर आणखी एक गोष्ट कळली. तेथील हवामान कोरडे आहे. मातीला थोडे पाणी दिल्यावर जीवाणूंचे काम वाढले. खत देऊन मात्र तेथे फारसा फरक पडला नाही.

मग हॅनाहॅनमध्ये काय झाले?

आता आपल्या पहिल्या गोष्टीकडे वळू. कार्बन आणि हायड्रोजन एवढ्यावरच कोणत्याही जीवाचे शरीर बनत नाही. प्रथिनांसाठी नत्र हवा, जनुकद्रव्यासाठी स्फुरद हवा. इंधनात कार्बन भरपूर असतो, पण नत्र व स्फुरद नसल्यासारखेच. नुसता भात पानभर वाढला आणि वरण, भाजी काहीच दिले नाही, तर जेवण किती दिवस चालेल? ढोबळ नियम असा, की कार्बनचे १०० भाग संपवायला नत्राचे सुमारे १० आणि स्फुरदाचा १ भाग लागतो. मघाच्या आपल्या १० ग्रॅम इंधनात कार्बन असतो साडेआठ ग्रॅम. म्हणजे नत्र हवा जेमतेम ०.८५ ग्रॅम आणि स्फुरद ०.०८५ ग्रॅम. मात्रा लहान आहे. पण ती नसली तर काम थांबते.

हॅनाहॅनच्या मातीवर प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासात असे दिसले, की पोषक द्रव्ये दिली तर जीवाणूंचा वेग पुष्कळ वाढतो. १९९२ मध्ये ही गोष्ट प्रत्यक्ष जमिनीवर करण्यात आली. जमिनीत चर घेऊन त्यांतून पोषक द्रव्ये झिरपवली, दूषित भूजल विहिरींतून उपसले आणि जागोजागचे पाणी नियमितपणे तपासले. १९९३ अखेरपर्यंत वस्तीखालचे प्रदूषण ७५ टक्क्यांनी कमी झाले. ज्या चरांतून पोषक द्रव्ये सोडली होती त्यांच्या जवळचे निकाल याहून चांगले होते. तेथील भूजलात टोल्युइन हे द्रव्य एका लिटरला ५,००० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. नंतर ते तपासणीत सापडेनासे झाले.

दोन ठिकाणची तुलना करून पाहा. दोन्हीकडे जेट इंधन, दोन्हीकडे स्थानिक जीवाणू. एकीकडे अडले होते हवेपाशी आणि पाण्यापाशी, दुसरीकडे पोषणापाशी. शेतीशास्त्रात हा नियम लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने प्रसिद्ध आहे. पिकाची वाढ भरपूर असलेल्या द्रव्यांवर नव्हे, तर ज्याची सर्वांत जास्त उणीव आहे त्या एका द्रव्यावर ठरते. लाकडी पिंपाच्या फळ्या कमीजास्त उंचीच्या असतील, तर पाणी सर्वांत बुटक्या फळीपर्यंतच राहते. इतर फळ्या कितीही उंच केल्या तरी उपयोग नाही. माती स्वच्छ करणाऱ्याचे पहिले काम म्हणजे ही बुटकी फळी शोधणे.

नवे जीवाणू का नकोत?

तुमच्यापैकी काहींनी डॉ. आनंद मोहन चक्रवर्ती यांचे नाव ऐकले असेल. पश्चिम बंगालमध्ये जन्मलेल्या या शास्त्रज्ञांनी अमेरिकेत काम करताना तेलाचे अनेक घटक एकट्याने पचवू शकेल असा स्युडोमोनस जीवाणू तयार केला. १९७२ मध्ये त्यांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. सजीवाचे पेटंट देता येते का, यावर वाद होऊन प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १६ जून १९८० रोजी न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी चक्रवर्तींच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या इतिहासात या जीवाणूला मोठे स्थान आहे. पण सांडलेले तेल स्वच्छ करण्यासाठी तो प्रत्यक्ष मैदानात उतरवला गेला नाही.

बाहेरचा पाहुणा जीवाणू आणला तरी त्याला तीच हवा, तेच पाणी, तेच नत्र लागते. आणि त्या मातीत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या स्थानिकांशी स्पर्धाही करावी लागते. म्हणून नवे जेवणारे बोलावण्याआधी आहेत त्यांच्या पानात काय कमी आहे, ते पाहणे बहुधा शहाणपणाचे ठरते. अर्थात याला अपवाद आहेत. तेल शुद्धीकरण कारखान्यांत टाक्यांच्या तळाशी साचणारा चिकट गाळ हा असाच एक अपवाद. त्यासाठी दिल्लीच्या टेरी या संस्थेने निवडक जीवाणूंचे मिश्रण मक्याच्या कणसांच्या भुशावर वाढवून ऑइलझॅपर नावाने तयार केले, आणि ते आपल्या देशात वापरलेही गेले आहे.

हे काय करू शकत नाहीत?

एखाद्या गोष्टीचे गुण सांगताना तिच्या मर्यादा लपवणे, हे विज्ञानात बसत नाही. लहान साखळ्यांची हायड्रोकार्बने जीवाणू लवकर पचवतात. डांबरासारखे जड, अनेक कड्यांचे रेणू वर्षानुवर्षे तसेच राहतात. जुन्या पेट्रोलमध्ये शिसे मिसळलेले असे. शिसे हे मूलद्रव्य आहे. ते खाऊन नाहीसे करणे कोणत्याही जीवाणूला शक्य नाही.

वेळेचेही बंधन आहे. मिनेसोटा राज्यातील बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी नळ फुटून सुमारे १७ लाख लिटर खनिज तेल जमिनीवर आले. बरेचसे काढून घेतल्यावरही उरलेले तेल भूजलापर्यंत उतरले. १९८३ पासून तेथे शास्त्रज्ञ सतत निरीक्षणे करीत आहेत. ऑक्सिजन संपल्यावरही काही जीवाणू मातीतल्या लोहाच्या संयुगांचा आधार घेऊन काम चालू ठेवतात, हे तेथे दिसून आले. त्यामुळे विषारी द्रव्ये भूजलातून फार दूरवर पसरली नाहीत. पण हवेशिवायचे हे काम अतिशय सावकाश चालते. अपघाताला चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही जमिनीखाली तेल शिल्लक होतेच. तेव्हा "निसर्ग पाहून घेईल" असे म्हणून स्वस्थ बसायचे, की हवा व खत देऊन मदत करायची, हे ठरवताना एकच प्रश्न आधी विचारावा लागतो: जवळची विहीर किती दूर आहे, आणि तिच्यापर्यंत विष पोहोचायला किती वेळ लागेल?

करून पाहा

हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा. डिझेल शिक्षकांनी स्वतः मोजून घालावे. जवळपास ज्योत नसावी. पेट्रोल मुळीच वापरू नये. त्याच्या वाफा भडकतात.

शाळेच्या बागेतली माती चाळून घ्या. सारख्या आकाराच्या, रुंद तोंडाच्या चार काचेच्या बरण्यांत प्रत्येकी अर्धा किलो भरा. चौथ्या बरणीची माती भरण्यापूर्वी कुकरमध्ये तीन दिवस रोज अर्धा तास वाफवून घ्या, म्हणजे तिच्यातले बहुतेक जीवाणू मरतील. वाफवणे डिझेल घालण्यापूर्वीच करायचे, हे विसरू नका. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतपत ओलसर ठेवा.

क: नुसती माती.
ख: माती आणि ५ मिलिलिटर डिझेल.
ग: माती, ५ मिलिलिटर डिझेल आणि २ ग्रॅम डीएपी खत.
घ: वाफवलेली माती आणि ५ मिलिलिटर डिझेल.

युरिया वापरू नका. मातीत त्याचे विघटन होतानाही कार्बन डायऑक्साइड निघतो आणि आपली फसगत होते. बरण्या उघड्या, पण हवेशीर आडोशाला ठेवा आणि दोन दिवसांआड माती वरखाली करा. आठवड्यातून एकदा प्रत्येक बरणीत मातीवर चुन्याच्या ताज्या निवळीची एक छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. निवळी सर्वांत सारखी हवी. तुलनेसाठी एका रिकाम्या बरणीतही वाटी ठेवा. कोणत्या वाटीवर पांढरी साय किती वेळाने दिसते, ते घड्याळ लावून वहीत लिहा. निदान सहा आठवडे प्रयोग चालू द्या. आठवड्यागणिक आकड्यांचा आलेख काढा. घ बरणीत हवेतून हळूहळू नवे जीवाणू येऊन पडतील, हेही लक्षात ठेवा.

प्रयोग संपल्यावर माती गटारात किंवा विहिरीजवळ टाकू नका. भाजीच्या वाफ्यापासून दूर, आडोशाला पातळ पसरून ठेवा आणि अधूनमधून उलथत राहा. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवा.

विचार करा

१. ग बरणीची साय सर्वांत आधी आली, तर डिझेल लवकर खाल्ले गेले असे आपण म्हणू. पण खतामुळे मातीतला पालापाचोळाच अधिक वेगाने कुजला नसेल कशावरून? ही शंका दूर करायला आणखी एक बरणी लागेल. तिच्यात काय काय भराल?

२. पावसाळ्यात चार महिने पाण्याखाली राहणाऱ्या भातखाचरात डिझेल सांडले आणि उन्हाळ्यात कोरड्या माळरानावर तेवढेच सांडले. प्रत्येक ठिकाणी बुटकी फळी कोणती असेल?

३. तुमच्या गावात किंवा पेठेत इंधन साठवण्याची जागा कोठे आहे? तेथून सर्वांत जवळची, वापरात असलेली विहीर किंवा बोअर किती पावलांवर आहे? मोजून या आणि शिक्षकांशी बोला.